कासोटा, विजार, किल्ट : कमरेखालच्या कापडाचा मागोवा

बोरगावला पँटचे कापड विणले जाते. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला जाणाऱ्या महामार्गाच्या पट्ट्यात, सौंसर तालुक्यात, रेमंडचा १९९१ साली उभा राहिलेला कारखाना आहे. शंभर एकरांच्या आवारात लोकरीचे आणि मिश्र धाग्यांचे सुटिंग तयार होते आणि देशभरच्या शिंप्यांच्या टेबलावर जाऊन पडते. कारखान्याच्या कुंपणाबाहेर संत्र्याच्या बागा आहेत. तेथे आळी करणाऱ्या, पाणी धरणाऱ्या माणसांत म्हातारी मंडळी अजून धोतर-बंडीत किंवा नुसत्या पंच्यात दिसतात, त्यांची मुले फुलपँटमध्ये आणि नातवंडे जीन्समध्ये. या नातवंडांच्या मोबाईलवर आता एक चौथेच वस्त्र येऊन ठेपले आहे. जाड सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे, पुढे सपाट आणि मागे चुण्या घातलेले, दोन्ही मांड्यांवर मोठे खिसे असलेले, धातूच्या बटणांनी बंद होणारे. त्याला युटिलिटी किल्ट म्हणतात. डोंगर चढणारे, बागकाम करणारे, सुतारकाम करणारे परदेशातले पुरुष ते रोज वापरतात. आपल्याकडे पाहणाऱ्याला पहिल्यांदा हसू येते. हसून झाल्यावर हे वस्त्र आले कोठून याची चौकशी करू लागलो, की वाट आपल्याच मुलुखातून दोनतीनदा जाते.

आपण फार मागे जाऊन सुरुवात करू. पुरुषाने कमरेला कापड गुंडाळणे हीच जगाची जुनी रीत आहे, आणि दोन पायांसाठी दोन नळ्या शिवणे हा नंतरचा, एका विशिष्ट गरजेतून निघालेला शोध आहे. ती गरज घोड्याची. चीनच्या पश्चिमेकडील तुर्फान खोऱ्यात यांगहाय येथील थडग्यांत लोकरीच्या विजारी सापडल्या. त्यांचे वय सुमारे तीन हजार वर्षे निघाले, आणि आजवर हाती आलेल्या विजारींत त्यांचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. दोन पायांच्या मध्ये रुंद तुकडा जोडलेला असल्याने घोड्यावर मांड टाकली तरी कापड ताणत नाही. ज्या समाजांना घोड्यावरून लढायचे होते त्यांनी विजार घेतली. ज्यांना शेत नांगरायचे, नदी ओलांडायची, उकिडवे बसायचे होते त्यांनी ती घेतली नाही. आपल्याकडेही तेच झाले. भारहूतच्या आणि भाज्याच्या शिल्पांतले पुरुष, राजे असोत की चाकर, कमरेला कापड नेसून, पुढे निऱ्या सोडून उभे आहेत. त्यानंतर उत्तरेत कुषाण आले आणि मथुरेजवळ माट येथे सापडलेला कनिष्काचा तो प्रसिद्ध मस्तकहीन पुतळा लांब अंगरखा आणि जड बूट घालून उभा राहिला. घोडेस्वारांचे राज्य आले की विजार येते. ते गेले की ती दरबारापुरती उरते आणि खेड्यातला माणूस आपल्या कापडात राहतो.

मराठी मुलुखात या दोन्ही रिती शेजारी शेजारी नांदल्या. घोड्यावरच्या शिलेदाराला चोळणा किंवा सुरवार, पायी चालणाऱ्याला लंगोटी किंवा वर खोचलेले धोतर. येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. धोतराचा कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय वेगळे होतात. म्हणजे टाका न घालता धोतर विजारीचे काम करते. ते नेसून घोड्यावर बसता येते, झाडावर चढता येते, पेरणी करता येते. न शिवलेल्या कापडातून सर्व कामे भागवण्याची ही युक्ती इतकी पक्की होती, की शेतकऱ्याला शेकडो वर्षे शिंप्याकडे जाण्याची गरज भासली नाही. लुंगी मात्र वेगळी. तिला कासोटा नाही, तिचा घेर एकसंध. किल्टचे खरे नाते धोतराशी नाही, लुंगीशी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ज्यात आजचा सौंसर-पांढुर्ण्याचा भाग मोडत असे, धोतर ही मोठी कारागिरी होती. उमरेडच्या आणि नागपूरच्या कोष्ट्यांनी विणलेल्या रेशीमकाठी धोतरांचा दूरवर लौकिक होता. काठ किती बोटांचा यावरून नेसणाऱ्याची ऐपत कळत असे.

आता आपण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये जाऊ. तेथेही न शिवलेले लांब कापडच होते. १५९४ साली आयर्लंडमधल्या लढाईत मदतीला आलेल्या बेटांवरच्या भाडोत्री सैनिकांचे वर्णन एका आयरिश चरित्रात आले आहे. अंगाभोवती गुंडाळलेले रंगीबेरंगी पांघरूण आणि त्यावरून कमरेला आवळलेला पट्टा. हा मोठा प्लेड. लोकरीच्या चार-पाच वारांच्या दुहेरी पन्ह्याच्या कापडाच्या चुण्या घालायच्या, पट्ट्याने कमरेशी बांधायच्या, खालचा भाग गुडघ्यापर्यंत सोडायचा आणि वरचा खांद्यावर घ्यायचा. पाऊस आला की तोच डोक्यावर, रात्री तीच वाकळ. आपल्याकडच्या धनगराची घोंगडी आणि शेतकऱ्याचे धोतर ही दोन कामे एकाच कापडाने करायची ठरवली, तर जवळपास हेच निघेल. सरदार मंडळी मात्र घोड्यावर बसत आणि पायांना घट्ट बसणारी चट्ट्यापट्ट्यांची विजार घालत. तेथेही तीच वाटणी होती.

या मोठ्या कापडाचे दोन तुकडे कोणी केले, याची गोष्ट मोठी मजेदार आहे. १७२०च्या दशकात इंग्लंडमधील लँकशायरचा टॉमस रॉलिन्सन नावाचा क्वेकर पंथाचा कारखानदार ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल सरदाराकडून जंगल खंडाने घेऊन इन्व्हरगॅरी येथे लोखंडाची भट्टी चालवू लागला. झाडे तोडायला आणि भट्टीवर राबायला स्थानिक हायलँडर होते. त्यांचे ते खांद्यावरचे कापड कामात अडत असे, भट्टीजवळ तर धोक्याचेच. रॉलिन्सनने कापडाचा वरचा भाग वेगळा करून नुसता खालचा, चुण्यांचा भाग ठेवायला लावला, स्वतः तो घातला, सरदारानेही घातला, आणि बघता बघता सगळ्या डोंगराळ प्रदेशात ती पद्धत पसरली. ही हकीकत आयव्हन बेली नावाच्या गृहस्थाने १७६८ साली एका पत्रात लिहिली आणि १७८५ मध्ये ती एडिंबरोच्या एका मासिकात छापून आली. ती पुरती खरी आहे का, यावर स्कॉटिश अभ्यासक अजून भांडतात. लहान किल्ट त्याआधीही असावा असे काहींचे म्हणणे. १९८३ मध्ये ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकाराने या पत्राच्या आधारे किल्टची प्राचीनताच उडवून लावली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये बराच धुरळा उडाला. मला त्या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणीही जिंकले तरी एवढे उरतेच, की लहान किल्ट लोकांना आवडला तो काम करताना सोयीचा म्हणून. डोंगरी अभिमानाचे निशाण तो नंतर झाला, आणि त्यालाही सरकारच कारण ठरले.

ब्रिटिश राजाविरुद्धच्या १७४५-४६च्या जॅकोबाइट बंडात हायलँडर हरले. १७४६ मध्ये ब्रिटिश संसदेने पोशाखाचा कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या कोणाही पुरुषाने वा मुलाने प्लेड, किल्ट किंवा त्या तऱ्हेचे काहीही घालायचे नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. छत्तीस वर्षे हा कायदा टिकला. १७८२ मध्ये तो रद्द झाला तेव्हा साधी माणसे विजारीला सरावून गेली होती. पण कायद्याला एक पळवाट होती: राजाच्या फौजेतले सैनिक त्यातून वगळलेले होते. म्हणून ज्या हायलँडरला आपला पोशाख हवा होता, त्याने लाल डगला चढवला आणि साम्राज्याच्या चाकरीत तो जगभर नेला. किल्टच्या चुण्या टाक्यांनी कायमच्या शिवून ठेवण्याची पद्धतही अठराव्या शतकाच्या अखेरीस याच पलटणींत रुळली. फौजेला एकसारखेपणा हवा असतो.

ही वाट आपल्या दारात आली ती १८०३ साली. २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्र फौजेसमोर आर्थर वेलस्लीने जी फौज उभी केली, तिच्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँड पलटणी होत्या. चुकून असई गावाच्या फार जवळ गेलेल्या ७४व्या पलटणीची तोफांपुढे अक्षरशः चाळण झाली. निम्म्याहून अधिक माणसे पडली किंवा जायबंदी झाली. २९ नोव्हेंबरला अडगावला पुन्हा गाठ पडली, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. हा भोसल्यांचा किल्ला पांढुर्ण्याच्या पश्चिमेला, याच सातपुड्यात आहे. आतल्या तटाला शिडी लावून वर चढणारा कॅप्टन कॅम्पबेल ९४व्या स्कॉच ब्रिगेडचा होता. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी कटक आणि वऱ्हाडाचा मोठा भाग गमावला. या सगळ्याला सहा वर्षे होतात न होतात तोच, १८०९ मध्ये, ब्रिटिश लष्करानेच सहा हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेतला; त्या पोशाखामुळे इंग्लंडमधले रंगरूट भरती व्हायला तयार होत नाहीत, असे कारण दिले गेले. काढून घेतलेल्यांत असईला कापली गेलेली ७४वी होती आणि गाविलगडाची ९४वीही.

एकोणिसाव्या शतकातल्या किल्टच्या वैभवावरून आपण झरकन पुढे जाऊ, कारण त्यात नाटकच अधिक आहे. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, सर वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट मांडला, स्थूलदेही राजा गुलाबी तुमानीवर किल्ट घालून मिरवला, आणि प्रत्येक घराण्याचे आपले चौकटीचे कापड असते ही समजूत बाजाराला मानवली. १८४२ मध्ये दोन भावांनी तर अशा कापडांचा जुना ग्रंथ म्हणून एक बनावट पुस्तकच छापले. किल्ट लग्नासमारंभाचा झाला, आठ वार लोकरीचा झाला, महाग झाला. भट्टीवरचा कामगार त्यातून केव्हाच बाहेर पडला होता.

याच शतकात आपल्याकडे उलटे चालले होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीची धोतरजोडी खेड्यापाड्यांत पोचली. हातमागाच्या रेशीमकाठी धोतराचा मान राहिला, बाजार आटला. गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून, शाळेतला मास्तर हे हळूहळू पँटकडे वळले. जानेवारी १९२१ मध्ये, नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, गांधीजी छिंदवाड्याला सभेसाठी आले होते. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत त्यांनी उरलेला पोशाखही उतरवून गुडघ्यापर्यंतचा पंचा पत्करला. दुसरीकडे बाबासाहेब आंबेडकरांनी सूट घातला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना उच्चवर्णीयांसारखे लुगडे नेसायला सांगितले. गुडघ्यावरचे, आखूड कापड ही ज्यांच्यावर लादलेली गोष्ट होती, त्यांच्यासाठी पायघोळ पँट ही सुटका होती. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात ही आठवण अजून ताजी आहे. मोकळ्या वस्त्राचे गुणगान करणाऱ्या शहरी हौशी लोकांनी ती विसरू नये असे मला वाटते. गुडघ्यापर्यंतच्या खाकीचाही येथे स्वतंत्र इतिहास आहे. १८४६ मध्ये पेशावरकडे उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीपासून निघालेला तो मातकट रंग पोलिसांच्या अर्ध्या चड्डीत आला, आणि १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशात तर २०१६च्या विजयादशमीपर्यंत टिकला. मग तेथेही फुलपँट आली.

खाकी आणि किल्ट यांची गाठ मात्र आपल्याकडे नव्हे, दक्षिण आफ्रिकेत पडली. बोअर युद्धात (१८९९-१९०२) रंगीत किल्ट दुरून उठून दिसू लागला, म्हणून हायलँडरांना त्यावरून बांधायला खाकी सुती एप्रन मिळाला आणि त्या एप्रनला पुढे खिसा शिवला गेला. खाकी, सुती, खिशाचा: आजच्या युटिलिटी किल्टचा हा विसरला गेलेला आजा. त्याच युद्धात ११ डिसेंबर १८९९ रोजी मागर्सफाँटेनला गोळीबारामुळे दिवसभर पालथे पडून राहिलेल्या सैनिकांच्या गुडघ्यांमागची कातडी उन्हाने भाजून निघाली. पहिल्या महायुद्धात चिखल आणि उवा, दुसऱ्याच्या तोंडावर विषारी वायूची धास्ती. लढाईच्या मैदानावरून किल्ट कायमचा उतरला.

त्याला कामावर परत आणणारा स्कॉटिश सरदार नव्हता. अमेरिकेत सिअॅटल शहरात स्टीव्हन विलेगास नावाच्या माणसाने मोटारसायकलची दुरुस्ती करताना सोयीचे पडावे म्हणून एक लष्करी पँट उसवून किल्टसारखी शिवली आणि २००० साली ‘युटिलिकिल्ट्स’ नावाने धंदा सुरू केला. चौकटीचे कापड गेले, लोकर गेली. कॅनव्हास आले, मोठे खिसे आले, हातोडा अडकवायचा फासा आला. भट्टीवरच्या कामगारापासून निघालेले वस्त्र पावणेतीनशे वर्षांनी हत्यारांच्या पेटीपाशी आले. लांब पल्ल्याच्या वाटा तुडवणाऱ्यांनीही ते उचलले, कारण घामाने मांड्या घासून सोलण्याचा त्रास त्यात कमी होतो. याच कारणासाठी अमेरिकेतल्या एका धिप्पाड पोस्टमनने २००८ मध्ये टपालवाटपाच्या गणवेशात किल्ट असावा अशी मोहीम काढली. पत्रवाटपी कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बोस्टनच्या अधिवेशनात तो ठराव पडला. आपल्याकडे त्याउलट घडले. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसल्यामुळे दारातून परत पाठवले गेले, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशी बंदी घालणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा केला. १७४६च्या कायद्याशेजारी तो ठेवून वाचावा.

तर बोरगावच्या एखाद्या तरुणाला हे घ्यायचेच झाले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. मोबाईलवर दिसणारे बरेचसे स्वस्त किल्ट पाकिस्तानातल्या सियालकोटचे असतात, आणि तो माल २०२५ पासून भारतात आणता येत नाही. ब्रिटिश फौजेला बॅगपाइप आणि चौकटीचे कापड पुरवणारे ते गाव हाच धंदा अजून करते आहे. अमेरिकी माल महाग, त्यावर आयात कर. कोठूनही मागवला तरी पँटचे माप देऊ नये. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो, पँट त्याच्या खाली. म्हणून टेप बेंबीवरून फिरवायचा आणि लांबी तेथून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, उभे राहून, दुसऱ्याकडून मोजून घ्यायची. चुण्या शिवून दाबलेल्या आहेत का ते पाहावे, नाहीतर दर धुण्याला इस्त्रीचा तास.

दुसरा मार्ग शिंप्याचा, आणि मला तोच बरा वाटतो. पारंपरिक आठ वारांचा किल्ट म्हणजे दुहेरी पन्ह्याचे चार वार, जवळजवळ तीन पँटींचे कापड. रोजच्या वापराला एवढे नको. कमी चुण्यांत भागते. पँट शिवणाऱ्याला त्यात अवघड काही नाही, फक्त चुण्या मागे आणि सपाट पदर पुढे, उजव्या अंगाला बंद होणारा, हे समजावून द्यावे लागते. कापड जाड सुती ट्विल घ्यावे. सुटिंग शोभते, पण संत्र्याच्या काट्यांत धागे ओढले जातात. बागेत उकिडवे बसून काम करणाऱ्याने खाली अर्धी चड्डी घालावी, यात लाजण्यासारखे काही नाही. वैशाखाच्या उन्हात गुडघ्याची मागची बाजू झाकावी किंवा दुपारी काम टाळावे. मोटारसायकलवर वाऱ्याने पदर उडतो, तेव्हा विजार घोडेस्वारांनी का शोधली ते आपोआप कळते. तेवढ्यापुरती पँट चढवलेली बरी. लोक बोलतील, पण पंच्यात शेतावर जाणाऱ्या आजोबांसमोर त्यांचे बोलणे फार वेळ टिकणार नाही. आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा शिवण्याआधी ते एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याच्या हाती द्यावे.